भाडं नव्हे, पट्टी बघा!

परदेशी शिकायला निघालेल्यांच्या घरी एक वाद हमखास रंगतो : सामान जहाजाने पाठवायचं, विमानाने की कुरिअरने? उत्तर शोधायला सगळे किलोचा दर काढतात आणि तिथेच फसतात. मीही फसले.

आमच्या पडवीत एक वजनकाटा आहे. एरवी त्यावर कांद्याच्या गोण्या चढतात. २०२३ च्या सप्टेंबरात त्यावर माझ्या बॅगा चढल्या. जर्मनीत ड्रेस्डेनला मास्टर्सला ॲडमिशन मिळालेली, बँकेचं लोन मंजूर झालेलं, व्हिसा हातात आलेला. तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा आणि ७ किलोचं हातातलं सामान, म्हणजे सगळं मिळून ५३ किलोची परवानगी. आणि घरात जमलेला ढीग भरला ८२ किलो!

ढिगात काय नव्हतं? दोन कुकर (एक माझ्यासाठी, दुसरा 'चार मैत्रिणी जेवायला आल्या तर'), मिक्सर, भाकरीचा तवा, पोळपाट-लाटणं, स्टीलचे डबे, काळ्या मसाल्याच्या बरण्या, मावशीने दिलेला डिनर सेट आणि आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. आई एकेक वस्तू आणून ठेवत होती आणि अण्णा काट्याकडे बघून मान हलवत होते. नेवासा तालुक्यातल्या आमच्या वस्तीवरून परदेशात शिकायला जाणारी मी पहिलीच. त्यामुळे काय न्यायचं याचा अनुभव कुणालाच नव्हता, सल्ले मात्र अख्ख्या भावकीकडे होते.

मामा म्हणाले, "जहाजाने टाक, सगळ्यात स्वस्त." कॉलेजचा सिनियर म्हणाला, "एक्स्ट्रा बॅग घे, डोक्याला ताप नको." व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "कुरिअर बेस्ट, थेट दारात येतं." मी तिन्हींचे किलोचे दर वहीत मांडले. जहाज स्वस्त दिसलं. विषय संपला! एका एजंटने हॅम्बुर्गपर्यंत तीन खोक्यांचे १४ हजार रुपये सांगितले. बॅगेत जागा फार खाते म्हणून गोधडीही खोक्यात गेली.

नोव्हेंबरच्या शेवटी हॅम्बुर्गहून मेल आला. सामान पोचलंय, सोडवून न्यायचे २९० युरो भरा. तेव्हाच्या हिशोबाने साधारण २६ हजार रुपये. ठरलेल्या दिवसांत नेलं नाही, तर गोदामभाडं रोजचं वेगळं. आणि हॅम्बुर्ग माझ्या खोलीपासून रेल्वेने साडेचार तासांवर!

मी रडवेली होऊन घरी फोन लावला. अण्णा म्हणाले, "एकेक ओळ वाचून दाखव." मी वाचत गेले : बंदरावरची हाताळणी, कंटेनरमधून माल वेगळा काढण्याचा खर्च, कागदपत्रांची फी, डिलिव्हरी ऑर्डर, कस्टम क्लिअरन्स. अण्णा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अगं पोरी, ही तर पट्टी आहे. तू नुसतं भाडं बघून माल भरला व्हय?"

पट्टी शेवटपर्यंत वाचायची

ज्यांच्या घरी कांदा नाही, त्यांच्यासाठी सांगते. घोडेगावच्या किंवा नेप्तीच्या बाजारात कांदा विकला की हिशोबाचा जो कागद हातात पडतो, ती पट्टी. वर वजन आणि भाव, खाली हमाली, तोलाई, वाराई, मोटारभाडं. हे सगळं वजा जाऊन तळाला जो आकडा उरतो, तो खरा. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने पाच क्विंटल कांदा विकला, तर खर्च वजा जाऊन त्याच्या हातात २ रुपयांचा चेक आला होता. ती बातमी आमच्या घरी सगळ्यांनी वाचली होती. मीसुद्धा. तरीही सात महिन्यांनी मी तीच चूक केली, कारण 'इंटरनॅशनल शिपिंग' हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं, हे काहीतरी वेगळंच शास्त्र असणार.

काही वेगळं नाही. घरापासून न्हावा शेवा बंदरापर्यंतची गाडी, पॅकिंग, इकडची कस्टम, जहाजाचं भाडं, तिकडच्या बंदरावरची हाताळणी, तिकडची कस्टम आणि बंदरापासून तुमच्या दारापर्यंतची गाडी. पट्टीत या एवढ्या ओळी असतात. एजंट सांगतो त्या आकड्यात यातल्या किती ओळी आल्या, हा पहिला प्रश्न. 'डोअर टू पोर्ट' म्हणजे तिकडच्या बंदरात त्याची जबाबदारी संपली. पुढचा खर्च तुमच्या डोक्यावर. 'डोअर टू डोअर' म्हटलं तरी तिकडचे बंदराचे चार्जेस त्यात धरलेत का, हे लेखी घ्यायचं. तोंडी 'हो हो, सगळं आलं त्यात' याला काही अर्थ नाही.

माझ्या एजंटने खोटं काही सांगितलं नव्हतं. कोटेशनवर 'हॅम्बुर्ग पोर्ट' असं स्वच्छ छापलं होतं. वाचलं मीच नव्हतं.

एकच खोकं, तीन वजनं

दुसरी गंमत वजनाची. समजा, ६० बाय ५० बाय ४० सेंटिमीटरचं एक खोकं आहे. आत गोधडी, दोन स्वेटर, एक ब्लँकेट. काट्यावर भरतं ९ किलो. आता बघा.

कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून त्याला साधारणपणे ५००० ने भागतात. उत्तर येतं २४. प्रत्यक्ष वजन आणि हे 'व्हॉल्युमेट्रिक' वजन यात जे जास्त, त्याचे पैसे. म्हणजे ९ किलोच्या खोक्याला २४ किलोचे पैसे! विमानाच्या कार्गोत सहसा ६००० ने भागतात, तिथे तेच खोकं २० किलोचं होतं. आणि जहाजावर हिशोब घनमीटरचा. आपलं खोकं ०.१२ घनमीटर, पण किमान आकारणी बऱ्याचदा एका पूर्ण घनमीटरची असते. एका घनमीटरात अशी आठ खोकी बसतात. तुम्ही एकच पाठवलंत, तरी बंदरातला बराचसा खर्च आठ खोक्यांएवढाच.

हे मी अण्णांना समजावून सांगायला गेले, तर ते म्हणाले, "कापसाने टेम्पो भरतो, लोखंडाने टेम्पो बसतो. भाडं दोन्हीला पडतं." इंजिनिअरिंगची चार वर्षं केलेल्या मला जे कळायला २९० युरो लागले, ते त्यांना कापूस वाहून आधीच माहीत होतं.

मग कुणासाठी काय?

माझं मत आता स्पष्ट आहे. एकट्या विद्यार्थ्यासाठी जहाज बहुतेक वेळा तोट्याचंच. अख्खं बिऱ्हाड हलवणाऱ्या कुटुंबासाठी, म्हणजे कपाट, पलंग, पुस्तकं, मुलांच्या सायकली असतील, तर जहाजाला पर्याय नाही. तिथे निदान कंटेनरच्या जागेचा पुरेपूर उपयोग होतो. पण तीन खोक्यांसाठी समुद्र ओलांडणं म्हणजे कोथिंबिरीच्या जुडीसाठी ट्रक लावणं.

विद्यार्थ्याने सगळ्यात आधी तिकीट नीट बघावं. काही विमान कंपन्या विद्यार्थ्यांना जादा बॅगेची सवलत देतात. ती बुकिंगच्या वेळीच मागावी लागते. जादा बॅग घ्यायचीच असेल, तर आधी ऑनलाइन घेतलेली सहसा स्वस्त पडते, काउंटरवर ऐनवेळी घेतलेली महाग. शिवाय एका बॅगेत ३२ किलोच्या वर भरलं, तर बहुतेक विमानतळांवर ती घेतच नाहीत, पैसे दिले तरी. विमानाच्या कार्गोने मागाहून सामान पाठवता येतं, पण ते विमानतळावर येतं आणि सोडवायला आपल्यालाच जावं लागतं. कुरिअर कागदपत्रं आणि विसरलेल्या लहान, जड वस्तूंसाठी. टपाल छोट्या पार्सलसाठी. पण सगळा भरवसा त्यावर ठेवू नका. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने लहान पार्सलवरची करसवलत काढली, तेव्हा आपल्या टपाल खात्याला तिकडचं बुकिंग थांबवावं लागलं. ते पूर्ववत झालं १५ ऑक्टोबरला. तोवर दिवाळी तोंडावर आली होती.

आता कुणी म्हणेल, आपण सहकाराच्या जिल्ह्यातली पोरं, आठ जणांनी मिळून एक घनमीटर का भरू नये? कल्पना चांगली आहे, माझ्या ग्रुपवर दरवर्षी निघते. पण आठही जण एकाच शहरात जाणारे हवेत, प्रत्येकाची यादी वेगळी हवी आणि कस्टमपुढे उत्तर कोण देणार, हे ठरलेलं हवं. एकाच्या खोक्यात बंदीची वस्तू निघाली, की आठही खोकी अडकतात. सहकारात कागद पक्के नसले की काय होतं, हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको.

जहाजाला परीक्षेचं वेळापत्रक कळत नाही

जर्मनीत हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं. सप्टेंबरात जहाजावर चढवलेलं जाकीट थंडी पडायच्या आत येईल, असं मला वाटलं होतं. जहाजाचा प्रवास कागदावर महिनाभराचा दिसतो. पण कंटेनर भरेपर्यंत थांबणं, दोन्हीकडची कस्टम, शेवटची गाडी धरली, की दोन-अडीच महिने सहज जातात.

आणि वाट बदलली, तर आणखी. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बड्या कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. प्रवास आठवडा-दोन आठवड्यांनी वाढला. आपल्या नगरला हा वळसा जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला काम सुरू केलं, तेव्हा सुएझ कालवा नव्हताच. तो खुला झाला १८६९ मध्ये. मिशनऱ्यांसाठी अमेरिकेहून येणारी पुस्तकं, औजारं, भांडीकुंडी केप ऑफ गुड होपच्या लांबच्या वाटेनेच मुंबईला यायची. त्यांना निदान ठाऊक होतं, की वाट बघायची आहे. आपण मोबाइलवर ट्रॅकिंग नंबर रिफ्रेश करत बसतो.

म्हणून नियम साधा : पहिल्या तीन महिन्यांत लागणारी कुठलीही वस्तू जहाजाने पाठवायची नाही. आणि जी तीन महिने लागत नाही, ती खरंच लागते का?

मसाला चालतो, तूप अडतं

पट्टीतली सगळ्यात महाग ओळ म्हणजे जप्त झालेली वस्तू. भाडंही गेलं, वस्तूही गेली. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत, पार्सलनेही पाठवता येत नाहीत. म्हणजे आईने कढवलेलं साजूक तूप घरीच राहणार. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता यांना रोग-किडीपासून मुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. काळ्या मसाल्यासाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत टाकणार असाल, तर थांबा. त्यात तेल भरपूर असतं आणि विमान वाहतुकीच्या नियमांत ते आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं. मसाला घरी कुटून न्या. पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत, खाली जाणाऱ्या बॅगेत कधीच नाही. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी तर खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करायची आणि बुटाला चिकटलेली माती घरीच धुऊन काढायची.

मिक्सरचं वेगळंच. जर्मनीत वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, त्यामुळे मिक्सर चालतो, प्लगला फक्त अडॅप्टर लागतो. अमेरिकेत १२० व्होल्ट; तिथे तो नेऊन उपयोग नाही. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही आणि खोलगट बुडाचा तवा काचेच्या सपाट शेगडीवर डुगडुगतो. माझा तवा आजही कपाटावर आहे, शोभेला.

एक चांगली बातमीही आहे, जी मला उशिरा कळली. युरोपीय संघाच्या नियमांत शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी सवलत आहे : कपडे, अभ्यासाचं साहित्य आणि विद्यार्थ्याच्या खोलीत साधारणपणे असतं तेवढं घरसामान, स्वतःच्या वापरासाठी असेल तर, सीमाशुल्काशिवाय नेता येतं. सोबत विद्यापीठाचं प्रवेशपत्र आणि वस्तूंची नीट यादी हवी. ब्रिटनला राहायला जाणारी कुटुंबं सामानावरच्या सवलतीसाठी आधीच अर्ज करतात, अमेरिकेत किमान वर्षभर वापरलेल्या घरसामानाला सूट मिळते. पण लक्षात ठेवा, सूट शुल्काला असते. हमाली-तोलाईला नाही!

ढीग नेमका कशाचा असतो?

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग काहीच नेऊ नका, तिकडे सगळं मिळतं. यूट्यूबवर असे व्हिडीओ ढिगाने आहेत. मला तेही पटत नाही. तिकडे सगळं मिळतं, पण पहिल्या दिवशी मिळत नाही. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी रात्री पोचलात, तर सोमवारपर्यंत बॅगेतली चटणी आणि दशम्याच कामाला येतात. छोटा कुकर, दोन ताटं, मसाला, पहिल्या आठवड्याचं खाणं हे न्यायलाच हवं.

आणि घरच्यांनी ढीग का केला, हेही समजून घ्यायला हवं. आई दुसरा कुकर आणून ठेवत होती, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे शिट्ट्यांचा हिशोब नव्हता. पोरगी आजारी पडली तर तिच्या खोलीवर कोण येईल, हा प्रश्न होता. तिने त्याचं उत्तर कुकरमध्ये शोधलं. तिला 'तुला काही कळत नाही' म्हणून गप्प करणं सोपं आहे. मी केलंही एक-दोनदा. त्यापेक्षा तिला काट्यापाशी बसवायला हवं होतं, पट्टी दाखवायला हवी होती. कापूस वेचलेल्या आणि कांदा निवडलेल्या बाईला खर्च वजा जाता काय उरतं, हे माझ्यापेक्षा लवकर कळलं असतं.

कारण शेवटी हे पैसे कुणाचे? माझ्या बाबतीत बँकेचे. सामानाचं भाडंही त्याच लोनमधून गेलं आणि त्यावरही व्याज चढतंय. १४ आणि २६ मिळून ४० हजार मी अशा सामानावर घातले, ज्यातलं निम्मं ड्रेस्डेनमध्ये जुन्या बाजारात सहज मिळालं असतं. डिनर सेटच्या तीन प्लेटा फुटून आल्या. आपण स्वतः पॅक केलेल्या खोक्यातल्या फुटीला विमा बहुतेकदा भरपाई देत नाही, हेही तेव्हाच कळलं.

मग मी ती खोकी सोडवली का? सोडवली. तिथेच सोडून द्यावीत, असा विचार मनात आला होता. पण आत गोधडी होती. तिच्या एका कोपऱ्यात आजीने स्वतःच्या लग्नातल्या लुगड्याचा तुकडा लावलाय. तिची किंमत कुठल्याच यादीत लिहिता येत नाही. एजंटने 'व्हॅल्यू' विचारली, तेव्हा मी २०० रुपये लिहिलं होतं.

माझी खरी चूक हीच. किंमत होत नाही अशी एकच वस्तू त्या ढिगात होती आणि मी तिलाच समुद्रावर सोडलं. विकत मिळणारा मिक्सर मात्र जपून हातात नेला! आता ज्युनिअर विचारतात, तेव्हा मी एवढंच सांगते : जे पुन्हा मिळणार नाही, ते स्वतःसोबत न्या, मग बॅगेत कितीही जागा खावो. जे पैशाने मिळतं, ते तिकडे घ्या. आणि या दोन्हींच्या मधलं जे उरतं, त्याची पट्टी काढा, मग ठरवा.

यंदा आमच्या शेजारच्या वस्तीवरची एक मुलगी आयर्लंडला निघाली आहे. परवा तिचे वडील आमच्याकडे काटा मागायला आले. अण्णांनी काटा दिला आणि सोबत माझी हॅम्बुर्गची पावतीही. फोटोकॉपी काढून ठेवलीय त्यांनी.

पॅकिंगला बसण्याआधी

● तीन ढीग करा : पहिल्या आठवड्यात लागणारं, तीन महिन्यांत लागणारं, 'असू दे' म्हणून ठेवलेलं. तिसरा ढीग घरीच ठेवा.

● प्रत्येक खोक्याचं वजनही काढा आणि लांबी-रुंदी-उंचीही मोजा. दर विचारताना दोन्ही सांगा.

● कोटेशन लेखी घ्या. तिकडच्या बंदराचा खर्च, कस्टम आणि दारापर्यंतची गाडी धरली आहे का, हे त्यावर लिहून मागा.

● वस्तूंची यादी इंग्रजीत करा. वापरलेली की नवी, अंदाजे किंमत किती, हे लिहा. नाव पासपोर्टवर आहे तसंच.

● लाकडी खोकी टाळा. परदेशी जाणाऱ्या लाकडाच्या पॅकिंगवर प्रक्रिया केल्याचा शिक्का लागतो. जाड पुठ्ठ्याची खोकी बरी.

● ज्या देशात जाणार, तिथल्या कस्टमच्या सरकारी वेबसाइटवरची बंदीची यादी स्वतः वाचा. मामांवर सोपवू नका.